कुंडीला ऊन नको, पाणी हवं

घरी पहिल्यांदा सिमेंटची कुंडी ओतणारा बहुतेकदा एकच चूक करतो. साच्यातून काढलेली कुंडी तो कुरडयांसारखी गच्चीत उन्हाला ठेवतो. काही दिवसांत तिच्यावर केसासारखे बारीक तडे जातात, काठाला नख लावलं तरी भुगा सुटतो. आणि बोल लागतो सिमेंटला.

सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि तिच्यातून तयार होणारा लगदा वाळूचे कण एकमेकांना जखडून टाकतो. ही क्रिया आठवडेच्या आठवडे चालते. पोत्यावरचा ४३ किंवा ५३ हा आकडासुद्धा २८ दिवसांनंतरच्या ताकदीचा असतो. मधेच पाणी आटलं की काम अर्धवट राहतं. स्लॅबवर बांध घालून पाणी साठवतात, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळतात, ते यासाठीच.

जोसेफ ॲस्पडिन या लीड्सच्या गवंड्याने १८२४ साली आपल्या सिमेंटचं पेटंट घेतलं आणि त्याला पोर्टलंडच्या इमारती दगडाचं नाव दिलं. दगडाची नक्कल हे सिमेंटचं जुनंच काम. आपण ते घरच्या साच्यात करायचं, इतकंच.

सिलिकॉनचा साचा वाकतो, म्हणून पानाफुलांची नक्षीही न तुटता बाहेर येते आणि साचा पुन्हा वापरता येतो. तो नसेल तर श्रीखंडाचा मोठा डबा आणि त्यात बसणारी प्लास्टिकची वाटी घ्या. दोन्ही तळाशी निमुळती हवीत, नाहीतर कुंडी अडकते. मोदकाच्या साच्याला तुपाचा हात लावतो, तसा डब्याला आतून आणि वाटीला बाहेरून तेलाचा हात लावा. तळाच्या भोकासाठी स्ट्रॉचा तुकडा उभा करा.

एक वाटी सिमेंट आणि दोन वाट्या चाळलेली वाळू आधी कोरडीच मिसळा. पाणी किलोभर सिमेंटला ४०० ते ५०० मिलिलिटर, तेही थोडंथोडं. माल थालीपिठाच्या पिठापेक्षा सैल, पण इडलीच्या पिठापेक्षा घट्ट हवा. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी छिद्रं राहतात. साचा भरला की बाजूने टिचक्या मारा, हवेचे बुडबुडे वर येतील. अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवा. हातमोजे आणि मास्क हवाच. ओलं सिमेंट कातडी भाजतं.

२४ तासांनी कुंडी काढा, ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत सात दिवस सावलीत ठेवा. मग काही दिवस पाणी बदलत भिजवा, म्हणजे रोपाला बाधणारा क्षार कमी होईल.

आणि उरलेला माल मोरीत धुऊ नका. सिमेंट पाण्याखालीही घट्ट होतं, पाइपातसुद्धा.