हक्काचा चाळिसावा हिस्सा

खोडाळ्याच्या मोखाडा तालुक्यातच कोचाळे येथे २०१४ साली मध्य वैतरणा धरण पूर्ण झाले. त्याचे पाणी मुंबईस जाते. तालुक्यातील पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात आणि दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघतात. महानगराची समृद्धी आपोआप डोंगर चढत नाही, याला आणखी पुरावा कशाला?

मग ती गरिबापर्यंत पोहोचावी कशी? इस्लामने जकात सांगितली. नाक्यावरची जकात ती नव्हे. ठरावीक मर्यादेपलीकडे वर्षभर शिल्लक राहिलेल्या धनाचा चाळिसावा हिस्सा गरजूंना देणे हे धर्मकर्तव्य होय. तो उपकार नसून घेणाऱ्याचा हक्क मानला जातो. महाराष्ट्राने १९७५ साली पगारदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवून रोजगार हमीस निधी दिला आणि १९७७ साली त्या हमीचा कायदा केला, त्यामागील तत्त्व याहून फार वेगळे नव्हते.

तरीही १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली. हक्क मान्य होणे निराळे, तो वेळेवर पदरी पडणे निराळे.

जकात देणारा दरवर्षी आपला हिशेब मांडतो. शासनानेही तरतुदीचे आकडे सांगून थांबू नये. खोडाळ्यात किती हातांना गावातच काम व वेळेवर दाम मिळाले, याचा हिशेब द्यावा.