पूर्वपक्षाचे शब्द: वाचकांच्या एका तंत्रविषयक वादाचे स्वरूप

न्यायदर्शनाने शास्त्रचर्चेचे तीन प्रकार मानले आहेत: तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद, जयासाठी होतो तो जल्प आणि स्वपक्ष न मांडता केवळ खंडन करते ती वितंडा. वाचकच लेखक होतात अशा आधुनिक लेखनव्यवहाराचे स्वरूप समजून घेण्यासही ही विभागणी उपयुक्त ठरते.

संगणकजालावर मिनिक्स या कार्यप्रणालीच्या वापरकर्त्यांचा एक चर्चासमूह होता. तिचे जनक, ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी २९ जानेवारी १९९२ रोजी तेथे नवजात लिनक्सला कालबाह्य ठरवले. सर्व मूलभूत कार्ये एकाच गाभ्यात एकवटणारी तिची रचना मागासलेली आहे आणि ती इंटेलच्या ३८६ प्रक्रियकाला जखडलेली आहे, हे त्यांचे आक्षेप होते. हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच दिवशी तिखट उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाषेबद्दल क्षमा मागितली. मत मात्र सोडले नाही.

या लेखनाची एक पद्धती लक्षणीय आहे. उत्तर देणारा प्रतिपक्षाची वाक्ये जशीच्या तशी उद्धृत करून त्यांखाली आपले म्हणणे मांडतो. शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष बहुधा सिद्धान्तीच्या शब्दांत येतो. येथे तो प्रतिपक्षाच्याच शब्दांत टिकतो. सोयीची वाक्ये निवडून विपर्यास करणे येथेही शक्य असते. परंतु मूळ पत्र सर्वांसमोर असल्याने तो उघडा पडतो.

पुढे लिनक्स अनेक प्रक्रियकांवर चालू लागली. गाभ्याच्या रचनेचा प्रश्न मात्र मिटला नाही. १९९९ मध्ये ‘ओपन सोर्सेस’ या ग्रंथाच्या परिशिष्टात ही पत्रे छापली गेली. जल्पाच्या आवेशात आरंभलेले लेखन वादाच्या पातळीवर आले, याचे श्रेय त्या क्षमायाचनेइतकेच या उद्धरणपद्धतीलाही द्यावे लागते.