अंगणाच्या मापाचा गिंको

चिनी भाषेत गिंको वृक्षाला जी अनेक नावे आहेत, त्यांपैकी एकाचा अर्थ ‘आजोबा-नातवाचे झाड’ असा होतो. आजोबांनी लावावे आणि नातवाने त्याचे बी हाती घ्यावे, इतक्या सावकाश हा वृक्ष वयात येतो. बियांपासून वाढलेल्या गिंकोला प्रथम बी धरण्यास वीस-तीस वर्षे सहज लागतात आणि झाड नर आहे की मादी, हे तोवर नुसते पाहून सांगता येत नाही. पिकलेल्या बियांच्या मांसल आवरणाला खवट लोण्याचा उग्र दर्प असतो. त्यामुळे एखाद्याच्या दारातले झाड पंचवीस वर्षांनी मादी निघाले, की शेजाऱ्यांच्या तक्रारींना आरंभ होतो.

गिंको हा पानांनी रुंद असला तरी आंबा-वडाच्या कुळातला नव्हे. तो देवदार-चीड यांप्रमाणे अनावृतबीजी, म्हणजे फळाच्या आवरणाविना बी धरणारा. त्याच्या जातभाईंचे अवशेष सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वीच्या, जुरासिक काळातील खडकांत सापडतात. ते सारे कुळ आज नष्ट झाले असून गिंको बायलोबा ही एकच जाती उरली आहे. तीही चीनमधील काही डोंगररांगांपुरतीच नैसर्गिक अवस्थेत आढळते आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत तिची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी आहे. मात्र चीन आणि जपानमधील मंदिरांच्या प्रांगणांत ही झाडे शतकानुशतके जपली गेली आणि तेथूनच ती जगभर पसरली. एका वृक्षाचा वंश माणसाच्या अंगणाने टिकवावा, अशी उदाहरणे फार नाहीत.

युरोपला या वृक्षाची ओळख झाली ती डच व्यापारामुळे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील जर्मन वैद्य एंगलबर्ट केम्पफर १६९० मध्ये नागासाकीला पोहोचला. जपानमध्ये त्याने पाहिलेल्या वनस्पतींचे वर्णन १७१२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यात ‘गिंक्यो’ या जपानी उच्चारातील ‘य’च्या जागी ‘ग’ पडला आणि १७७१ मध्ये लिनियसने तेच रूप शास्त्रीय नावात कायम केले. एका अक्षराची ही चूक आजतागायत दुरुस्त झालेली नाही. नेदरलँड्समधील उट्रेख्त शहराच्या जुन्या वनस्पती उद्यानातील गिंको १७३० च्या सुमारास लावला गेला, असे मानतात. युरोपातील सर्वांत जुन्या गिंकोंमध्ये त्याची गणना होते.

अशा वृक्षाला मात्र जागाही तशीच लागते. पूर्ण वाढलेला गिंको वीस ते तीस मीटर उंच होतो. आजचे सर्वसामान्य डच घर रांगेतले, दोन-अडीच मजल्यांचे. त्याची मागची बाग घराच्या रुंदीइतकी, म्हणजे पाच-सहा मीटर रुंद आणि त्याच्या जेमतेम दुप्पट लांब. त्यातही सायकली ठेवण्याची खोली आणि बसण्यासाठी फरशी वगळली, तर मातीचा चौकोन केवढा उरणार? हौसेने आणलेले हातभर उंचीचे साधे रोप पहिली काही वर्षे निरुपद्रवी वाटते. वीस वर्षांत ते छपराच्या वर जाते, शेजाऱ्याचे ऊन अडवते आणि ऐन तारुण्यात त्यावर करवत चालते. हजार वर्षे जगू शकणाऱ्या झाडाचा पंचविशीत असा शेवट व्हावा, यात दोष झाडाचा नसतो; लावताना माप न पाहणाऱ्याचा असतो. गिंकोची ठेंगणी वाणे आज छोट्या बागांतून लोकप्रिय झाली आहेत, त्याचे कारण येथे आहे.

त्यांपैकी सर्वाधिक प्रसिद्ध वाण ‘मारिकेन’. त्याचा उगम नेदरलँड्समधीलच नायमेखन या प्राचीन शहरात झाला. तेथील एका गिंकोवर १९९५ मध्ये एक विचित्र झुबका आढळला: फांदीच्या एकाच जागी दाटीवाटीने फुटलेल्या आखूड डहाळ्या, जणू कोणी झाडू उलटा बांधून ठेवला आहे. युरोपातील लोकसमजुतीत अशा झुबक्याला ‘चेटकिणीचा झाडू’ म्हणतात. असे झुबके बुरशीमुळे, किडीमुळे किंवा अन्य रोगामुळेही होतात. परंतु कधी कधी एखाद्या डोळ्यातच आनुवंशिक बदल होतो आणि त्यातून फुटणारी प्रत्येक डहाळी आखूड पेरांची निघते. अशा झुबक्यातील काडी दुसऱ्या खुंटावर बांधली, तर तिचा ठेंगणा स्वभाव कायम राहतो. नायमेखनच्या झुबक्यापासून केलेली कलमे तशी निघाली. नाव देताना शहराची लोककथा उपयोगी पडली. सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या एका डच नाटकाची नायिका मारिकेन ही सैतानाच्या नादी लागून सात वर्षे अँटवर्पमध्ये राहते आणि अखेर पश्चात्तापाने माघारी येते. चेटकिणीच्या झाडूतून निघालेल्या रोपाला सैतानाच्या तावडीतून सुटलेल्या मुलीचे नाव देणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी. अँटवर्पचे नाव हिऱ्यांच्या व्यापारामुळे जैन समाजातील अनेक कुटुंबांच्या परिचयाचे आहे. नायमेखन तेथून फार दूर नाही.

जर्मनीत अशाच झुबक्यापासून निघालेले ‘ट्रोल’ हे वाण याहूनही गच्च आणि बसके. ‘जेड बटरफ्लाय’ची पाने मधोमध खोल चिरलेली, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी, पण ते कालांतराने पुरुषभर उंचीच्याही वर जाते. केवळ ‘लहान’ या शब्दावर विसंबू नये. त्या वाणाची दहा वर्षांनंतरची अपेक्षित उंची आणि रुंदी रोपवाटिकेत विचारून घ्यावी. मारिकेनची वाढ वर्षाला काही सेंटिमीटर एवढीच असते आणि दहा वर्षांनीही त्याचा घेर साधारण मीटरभर भरतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ठेंगणा गिंको म्हणजे बोन्साय नव्हे. बोन्सायमध्ये मोठे होऊ पाहणारे झाड मुळे छाटून, फांद्या तारेने वळवून लहान ठेवावे लागते. माळ्याची कात्री थांबली की त्याची मूळ प्रकृती उसळी घेते. ही कला श्रेष्ठ आहे, यात शंका नाही. पण झाडाला असे जखडणे अनेकांच्या मनाला पटत नाही. मारिकेनवर अशी कोणतीही सक्ती नाही. लहान राहणे हाच त्याचा स्वभाव आहे. त्याला छाटणी जवळजवळ लागत नाही आणि उगाच केलेली छाटणी मानवतही नाही, कारण कापलेल्या टोकापासून डहाळी मागे वाळत येण्याचा संभव असतो.

सक्ती नसली तरी लक्ष मात्र हवे आणि ते खुंटाकडे. ठेंगणे वाण बियांपासून मिळत नाही. साध्या गिंकोच्या रोपावर कलम करूनच ते तयार होते. म्हणजे वर मारिकेन आणि खाली तीस मीटर उंचीची क्षमता बाळगणारा खुंट, अशी ही भागीदारी. कलमाच्या गाठीखालून एखादा फुटवा निघाला आणि दुर्लक्षित राहिला, तर दोन-तीन वर्षांत तो वरच्या भागाचे अन्न पळवून स्वतः झाड होऊन बसतो. हे फुटवे ओळखणे कठीण नाही. ते सरळसोट वाढतात आणि त्यांची पेरे लांब असतात. दिसताच ते कोवळेपणी बोटांनी मोडून टाकावेत.

कलमे दोन प्रकारची मिळतात. जमिनीलगत बांधलेले कलम झुडपासारखे पसरते. उंच खोडावर, म्हणजे कमरेइतक्या किंवा छातीइतक्या उंचीवर बांधलेले कलम छत्रीसारखे दिसते. या दुसऱ्या प्रकारात खोडाची उंची पुढे वाढत नाही. विकत घेताना गाठ जेथे असते तेथेच ती कायम राहते, फक्त माथ्याचा घेर वाढतो. अरुंद बागेत, जेथे खाली दुसरी रोपेही लावायची असतात, तेथे उंच खोडाचे कलम सोयीचे. त्याची किंमत अधिक असते. मात्र त्यात रोपवाटिकेने खर्ची घातलेली वर्षे धरलेली असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे ती फारशी खटकत नाही.

लागवडीचे तंत्र सोपे आहे. जागा उन्हाची असावी. माती वाळूची असो वा चिकणमाती, गिंको तक्रार करत नाही. मुळाशी पाणी साचलेले मात्र त्याला खपत नाही. नेदरलँड्सच्या बऱ्याच भागांत भूजल वर असते, म्हणून तेथे रोप किंचित उंचवट्यावर लावणे शहाणपणाचे. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण तेवढाच खोल असावा. कलमाची गाठ कधीही मातीखाली जाऊ देऊ नये. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात कोरड पडू न देता पाणी द्यावे आणि बुंध्यापासून थोडे अंतर राखून पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. लागवडीनंतरच्या पहिल्या वर्षी झाड वर काहीच हालचाल करत नाही, असे बहुधा घडते. त्या काळात ते मुळे पसरवत असते. घाबरून खताचा मारा करू नये. वसंतारंभी थोडे कुजलेले कंपोस्ट पुरेसे.

सज्जात किंवा फरशीवर ठेवायचे असेल, तर मारिकेन कुंडीतही वर्षानुवर्षे राहते. कुंडी गोठण्याने न तडकणारी आणि तळाला मोकळी भोके असलेली हवी. दर दोन-तीन वर्षांनी ती एक माप मोठी करावी. जमिनीतला गिंको उणे २५ अंशांची थंडीही सोसतो. कुंडीतल्या मुळांना चहूबाजूंनी थंडी लागते, म्हणून कडक हिवाळ्यात कुंडी भिंतीच्या आडोशाला न्यावी आणि तिला गोणपाट गुंडाळावे. पालवी फुटल्यावर अचानक दव गोठले, तर कोवळी पाने करपतात. त्यावर उपाय म्हणजे त्या रात्रीपुरते कापड पांघरणे.

एका बाबतीत मात्र हे झाड अहिंसक गृहस्थाला विशेष आवडावे. त्याला कीड जवळजवळ लागत नाही आणि रोगही क्वचितच होतात. गुलाबाच्या वाफ्यापुढे औषधाची फवारणी करताना ज्यांचा हात अडखळतो, त्यांना गिंकोपुढे तो प्रसंग सहसा येत नाही. शहरी धूर आणि धूळही त्याला फारशी बाधत नाहीत. त्याच्या चिवटपणाचा सर्वांत दारुण पुरावा हिरोशिमात आहे. १९४५ च्या अणुस्फोटाच्या केंद्रापासून सुमारे १३७० मीटरवर, शुक्केइएन उद्यानातील गिंको भाजून निघाला, तरी पुन्हा पालवला आणि आजही उभा आहे.

गिंकोच्या पानांच्या अर्काचा स्मरणशक्तीशी जोडला जाणारा लौकिक ज्येष्ठांच्या घरात हमखास निघतो. त्याबाबत स्पष्ट सांगणे बरे. अमेरिकेत ७५ वर्षे व त्यांवरील ३०६९ व्यक्तींना सुमारे सहा वर्षे तपासून झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम अर्क घेऊनही स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी झाले नाही. बागेतली पाने उकळून काढा करणे तर सर्वथा टाळावे. कच्च्या पानांत गिंकोलिक आम्ले असतात, ती त्रासदायक ठरतात; औषधी अर्कातून ती मुद्दाम काढून टाकलेली असतात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तो अर्कही डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये, कारण रक्तस्रावाचा धोका संभवतो.

या पानांनी डोळ्यांचे पारणे फेडले, की त्यांचे काम झाले. जपानी पंख्यासारखा आकार, आणि देठापासून निघून प्रत्येक वेळी दोन-दोन शाखांत विभागत जाणाऱ्या बारीक शिरा. वसंतात ती पोपटी असतात, उन्हाळ्यात गर्द होतात आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून निखळ पिवळी. मग एका थंड रात्रीनंतर बहुतेक पाने एक-दोन दिवसांतच एकदम उतरतात. ती फरशीवर ओली पडली तर पाय घसरतो, तेव्हा लगेच झाडून घ्यावीत. त्यानंतर उरतो तो ओबडधोबड, गाठाळ काड्यांचा एक झुबका. अनभिज्ञ माणसे याच अवस्थेत झाड मेले असे समजून ते उपटतात. नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर झाड झोपले आहे, एवढेच.

ती झोप त्याला आवश्यक असते आणि म्हणूनच महाराष्ट्रात त्याचा आग्रह धरू नये. पुणे, सांगली किंवा नागपूर येथील हिवाळा गिंकोला पुरेशी विश्रांती देत नाही आणि एप्रिल-मेमधले ऊन त्याची पाने कडांनी जाळते. भारतात तो हिमालयाच्या पायथ्याशी आणि उतारांवर, डेहराडून-नैनीतालसारख्या ठिकाणी रुजला आहे. पण आम्स्टलफेन किंवा आइंडहोफेन येथे संसार थाटलेल्या लेकाच्या अथवा लेकीच्या घरी अनेक आजी-आजोबा दरवर्षी तीन महिन्यांच्या व्हिसावर जातात. त्यांच्यापैकी एखाद्याला तिथल्या बागेत काही लावावेसे वाटले, तर मारिकेनचा विचार जरूर व्हावा. मार्चअखेरीस गेल्यास लागवड होते आणि पालवीही पाहायला मिळते. सोनेरी पाने पाहायची असतील, तर पुढल्या खेपेचे तिकीट ऑक्टोबरच्या मध्याचे काढावे लागेल.