ध्वनिमुद्रित व्याख्यान आणि गावचे चर्चामंडळ

शेतीविषयक व्याख्यानांची टंचाई आज राहिलेली नाही. कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे आणि संशोधन संस्था यांची ध्वनिमुद्रणे व चित्रफिती भ्रमणध्वनीवर सहज मिळतात आणि समाजमाध्यमांतून एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे जातात. परंतु व्याख्यान ऐकले जाणे ही एक गोष्ट झाली. त्यातील शिफारस आपल्या शेतात योग्य वेळी आणि योग्य मात्रेत अमलात येणे ही दुसरी. या दोहोंमधील अंतर भरून काढण्यासाठी गावातच एक लहानसे चर्चामंडळ कसे चालवता येईल, याचा विचार येथे केला आहे.

प्रथम हे अंतर कोठे पडते ते पाहू. कापसावरील गुलाबी बोंडअळीविषयीचे व्याख्यान घ्या. व्याख्याते सांगतात की, सर्वेक्षणासाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत आणि प्रत्येक सापळ्यात दर रात्री सरासरी आठ पतंग सलग तीन रात्री आढळल्यास नुकसानीची आर्थिक पातळी गाठली असे समजून उपाय योजावेत. हे वाक्य जेमतेम पंधरा सेकंदांत संपते. त्यानंतर तेथे बसलेल्या दहा श्रोत्यांना काय ऐकले असे विचारावे. एकाच्या मते आठ पतंग म्हणजे सर्व सापळ्यांची मिळून संख्या. दुसऱ्याच्या मते तीन रात्रींची बेरीज. तिसऱ्याने हेक्टरच्या जागी एकर ऐकलेले असते. चौथा पाचही सापळ्यांत प्रत्येकी आठ पतंग येईपर्यंत थांबणार असतो. पहिले दोघे गरज नसताना फवारणी करतील आणि तिचा खर्च अंगावर घेतील. चौथ्याला उशीर होईल, आणि अळी एकदा बोंडात शिरली की फवाऱ्याचे औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. व्याख्यान अचूक असूनही दोन्ही बाजूंनी नुकसान होऊ शकते. एकट्याने ऐकणाऱ्याला आपण चुकीचे ऐकले हे कळण्याचा मार्गच नसतो, कारण यंत्र उलट प्रश्न विचारत नाही.

ही अडचण नवी नाही, आणि तिच्यावरील उपायाची पद्धतशीर परीक्षा आपल्याच भागात झालेली आहे. कॅनडात १९४१ मध्ये राष्ट्रीय शेती रेडिओ मंडळांचा उपक्रम सुरू झाला. शेजारी-शेजारी एकत्र येऊन नभोवाणीवरील कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपली मते व प्रश्न लेखी कळवत. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, हे त्या उपक्रमाचे घोषवाक्य होते. हाच नमुना समोर ठेवून युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोन याप्रमाणे वीस कार्यक्रम प्रसारित झाले. प्रत्येक कार्यक्रमानंतर मंडळात चर्चा होई, निमंत्रक तिचा अहवाल केंद्राकडे पाठवी आणि अहवालांतील प्रश्नांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात.

या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरथ यांनी केले. त्यांनी मंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी केली. मंडळे नसलेल्या गावांपैकी काहींत रेडिओ संच होता, काहींत नव्हता. मंडळे असलेल्या गावांत प्रसारणापूर्वीच्या आणि नंतरच्या ज्ञानात ठळक वाढ दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तशी वाढ दिसली नाही. आवाज तोच आणि कार्यक्रमही तेच होते. फरक होता तो ऐकल्यानंतरच्या अर्ध्या तासाचा. १९५९ मध्ये हा उपक्रम देशभर नेण्याचे ठरले. पुढे शेतकरी प्रशिक्षणाच्या योजनेत अशाच गटांना ‘चर्चामंडळ’ हे नाव मिळाले.

ही मंडळे नंतर मंदावली. संख्या वाढली, तशी प्रत्येक मंडळाकडे लक्ष देणारी माणसे कमी पडू लागली. बिघडलेले संच वेळेवर दुरुस्त झाले नाहीत आणि पाठवलेल्या प्रश्नांची उत्तरे येईनाशी झाली. या तीन कारणांपैकी शेवटचे सर्वांत घातक होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. संच बंद पडला तरी लोक जमतात; विचारलेल्या प्रश्नाला तीनदा उत्तर आले नाही, तर चौथ्यांदा कोणी विचारत नाही.

अर्धशतकानंतर हाच विचार चित्रफितीच्या रूपाने पुन्हा पुढे आला. बंगळूरु येथे मायक्रोसॉफ्टच्या संशोधन संस्थेत २००६ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे स्वतंत्र संस्था बनलेल्या ‘डिजिटल ग्रीन’ या उपक्रमात शेतकऱ्यांच्याच छोट्या चित्रफिती तयार करून त्या गावातील गटांना दाखवल्या जात. दाखवणारा गावचाच सहायक असे. तो चित्रफीत मध्येच थांबवी, प्रश्न विचारी आणि कोणी काय करून पाहिले याची नोंद ठेवी. कर्नाटकातील खेड्यांत या पद्धतीची तुलना प्रशिक्षण व भेट या रूढ विस्तारपद्धतीशी करण्यात आली. तंत्राच्या प्रत्येक अवलंबामागील खर्चाचा हिशोब केला असता नवी पद्धत सुमारे दहापट परिणामकारक ठरली. चित्रफीत पाहताना प्रेक्षक बहुधा पहिला प्रश्न असा विचारत की, हा शेतकरी कोण आणि कोणत्या गावचा? आपल्यासारखीच जमीन आणि तेवढेच पाणी असलेल्या माणसाने केलेले काम त्यांना पाहायचे होते. हीच पद्धत पुढे बिहारमध्ये ‘जीविका’च्या महिला बचत गटांतून वापरली गेली.

बैठक कशी चालवावी

मंडळात बारा ते वीस सदस्य पुरेत. त्याहून अधिक झाल्यास मागे बसलेले बोलत नाहीत. जागा अशी असावी की, जेथे कोणालाही संकोच न वाटता येता येईल. एखाद्याच्या वाड्यातील ओसरीपेक्षा शाळेचा वर्ग किंवा समाजमंदिर बरे. महिलांचा सहभाग ही सोय पाहून ठरवण्याची बाब नव्हे. बियाणे राखणे, निंदणी आणि कापूस वेचणी ही कामे बव्हंशी त्याच करतात. डोमकळी किंवा किडके बोंड प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडते. त्यांना सायंकाळी सात वाजता बैठकीस येणे शक्य नसेल, तर वेळ बदलावी. खंडाने किंवा वाट्याने शेती करणाऱ्यांनाही आवर्जून बोलवावे.

व्याख्यान निवडताना ते कोणी, कोठे आणि केव्हा दिले या तीन गोष्टी तपासाव्यात. वाणांच्या शिफारशी विभागानुसार असतात. माळव्याच्या काळ्या जमिनीसाठी सांगितलेला सोयाबीनचा वाण कोकणात चालेलच असे नाही. कीटकनाशकांबाबत तर अधिक दक्षता हवी. केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीने एखाद्या औषधाला कोणत्या पिकासाठी मान्यता दिली आहे, हे काळानुसार बदलते. पाच वर्षांपूर्वीचे ध्वनिमुद्रण त्या वेळी बरोबर असेल. आज त्यातील मात्रा वापरण्यापूर्वी वेष्टनावरील सूचना पाहणे आवश्यक आहे. ध्वनिमुद्रणावर दिनांकच नसेल, तर ते बैठकीत न लावणे उत्तम.

एका बैठकीत एकच विषय आणि दहा-पंधरा मिनिटांचाच भाग घ्यावा. तासाभराचे व्याख्यान सलग ऐकवल्यास चर्चेला वेळ उरत नाही, आणि चर्चेसाठीच तर माणसे जमलेली असतात. जेथे संख्या, मात्रा किंवा मुदत येते, तेथे निमंत्रकाने ध्वनिमुद्रण थांबवावे आणि एखाद्या सदस्याला ऐकलेले आपल्या शब्दांत सांगण्याची विनंती करावी. समजले का, असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी होय असेच येते. सापळ्यांच्या उदाहरणात फळ्यावर पाच चौकोन काढून प्रत्येकात तीन रात्रींचे आकडे लिहायला लावले, तर गैरसमज पाच मिनिटांत उघड होतात. हिरव्या बोंडांच्या तपासणीचेही तसेच आहे. वीस बोंडे फोडून दोनमध्ये अळी सापडली म्हणजे दहा टक्के, हे हिशोबापेक्षा बोंडे हातात घेऊन चटकन समजते.

निमंत्रक तज्ज्ञ असलाच पाहिजे असे नाही. किंबहुना थोडे कमी जाणणारा, पण नीट ऐकणारा माणूस अधिक बरा. तज्ज्ञ असला की तो स्वतःच दुसरे व्याख्यान देऊ लागतो. कृषी सेवा केंद्राचा चालक मंडळाचा सदस्य असण्यास हरकत नाही. त्याच्याकडे निमंत्रकपद मात्र देऊ नये. हा त्याच्या प्रामाणिकपणाविषयीचा संशय नव्हे. आपण सांगावे आणि आपणच विकावे, या अवघड जागी त्याला बसवू नये एवढेच.

प्रश्नवही

मंडळाचे सर्वांत मोलाचे साधन म्हणजे एक साधी वही. तिच्यात अनुत्तरित प्रश्न, तो विचारणाऱ्याचे नाव, तो कोणाकडे पाठवला आणि उत्तर कधी आले, एवढ्या नोंदी असाव्यात. तातडीच्या प्रश्नासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध असून तेथे प्रादेशिक भाषेत उत्तर मिळते. माती, स्थानिक वाण किंवा प्रक्षेत्राशी निगडित प्रश्न जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडे न्यावेत. विस्तार कार्यकर्त्यांनी दर महिन्याला ही वही पाहावी. ज्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नसेल, तेथे तसे स्पष्ट लिहून तो पुढे पाठवावा. उत्तर उशिरा आले तरी ते बैठकीतच वाचून दाखवावे, कारण एकाने विचारलेली शंका बहुधा चौघांच्या मनात असते.

चर्चेतून जे ठरेल ते सर्वांनी एकदम संपूर्ण क्षेत्रावर करू नये. दोघा-तिघांनी काही ओळींवर किंवा पाच गुंठ्यांवर करून पाहावे, शेजारी नेहमीच्या पद्धतीचा तुकडा राखावा आणि खर्च व उत्पादन या दोन्हींची नोंद ठेवावी. प्रयोग फसला तर तेही वहीत यावे. पुढील वर्षी तेच ध्वनिमुद्रण ऐकताना ती नोंद व्याख्यानाइतकीच उपयोगी पडते.

नवे मंडळ सुरू करण्यास मे महिना सोयीचा असतो. कामांचा रेटा कमी असतो आणि बियाण्याचा विषय सर्वांच्या डोक्यात असतो. सोयाबीन घेणाऱ्या गावांत पहिल्या बैठकीसाठी उगवणक्षमता चाचणीचे व्याख्यान निवडावे, कारण ती चाचणी तेथेच करता येते. प्रत्येक सदस्याने घरचे मूठभर बियाणे आणावे. त्यातील निवड न करता शंभर दाणे मोजून, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडून, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी आणि तिच्यावर मालकाचे नाव लिहावे. गुंडाळ्या निमंत्रकाच्या घरी सावलीत ठेवून त्यांच्यावर रोज पाणी शिंपडावे. सातव्या दिवशी दुसरी बैठक बोलावून सर्वांसमक्ष निरोगी कोंब मोजावेत. सत्तर किंवा अधिक दाणे उगवलेल्या बियाण्यासाठी शिफारशीचेच प्रमाण ठेवावे. त्याहून थोडे कमी उगवले असल्यास प्रमाण त्या मानाने वाढवावे, आणि फारच कमी असल्यास पेरणीपूर्वी हाती असलेल्या तीन आठवड्यांत दुसरे बियाणे शोधावे.