दोन टिंबं आणि एक प्रश्नचिन्ह

चांगला एरर मेसेज दिसला की मी तो वहीत उतरवून घेतो. हा नाद जुना आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याला वापरणाऱ्याची किती कदर आहे, हे मला त्या एका ओळीत कळतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. सॉफ्टवेअर सुरू होताना त्याला काही गोष्टी बाहेरून सांगाव्या लागतात: डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, फाइलींचं फोल्डर. यातल्या काही दिल्या नाहीत तरी चालतं, काहींवाचून सगळंच अडतं. अडणाऱ्या गोष्टी आल्यात का, हे सुरुवातीलाच तपासायचं आणि नसतील तर स्पष्ट सांगून थांबायचं.

आता माझ्या आवडीची गोष्ट. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवर स्टीम हा गेमिंगचा प्रोग्राम वापरणाऱ्या एकाने त्याचं फोल्डर दुसरीकडे हलवलं. स्टीम पुन्हा सुरू केलं आणि त्याच्या सगळ्या फाइली पुसल्या गेल्या, जोडलेल्या एक्स्टर्नल ड्राइव्हवरच्यासुद्धा! झालं असं, की स्टीमच्या शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञांच्या फाइलीत, ‘स्टीमरूट’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये फोल्डरचा पत्ता असे. एका ओळीत आज्ञा होती: स्टीमरूट, त्यापुढे तिरकी रेघ, त्याखालचं सगळं पुसून टाक. पत्ता शोधणारी ओळ फसली आणि व्हेरिएबल रिकामं राहिलं. उरली नुसती तिरकी रेघ, आणि युनिक्सच्या घराण्यात तिचा अर्थ होतो फाइल सिस्टिमचं मूळ. त्या ओळीशी ‘स्केअरी!’ असा शेराही होता. लिहिणाऱ्याला धोका दिसला होता, तपासणी तेवढी राहून गेली.

ती तपासणी चार-पाच अक्षरांची आहे. शेलमध्ये महिरपी कंसात व्हेरिएबलचं नाव, मग प्रश्नचिन्ह आणि आपला संदेश लिहिला, की मूल्य नसल्यास स्क्रिप्ट तो संदेश दाखवून तिथेच थांबते. स्टीफन बोर्न यांच्या १९७९ च्या शेलपासून ही सोय आहे. पण नुसत्या प्रश्नचिन्हाने स्टीमचा अपघात टळला नसता. ते फक्त व्हेरिएबल ठरवलेलं आहे का, एवढंच बघतं. स्टीमरूट ठरवलेलं होतं, आत काही नव्हतं. प्रश्नचिन्हाआधी कोलनची दोन टिंबं दिली की रिकामं मूल्यही गैरहजर धरलं जातं. शेलमधली इतकी मोलाची टिंबं मला दुसरी माहीत नाहीत.

संदेश मात्र आपण लिहायचा. नाही लिहिला तर बॅश हे शेल ‘पॅरामीटर नल ऑर नॉट सेट’ एवढंच म्हणतं. पुढे काय करायचं? पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डॉकर इमेजचा संदेश माझ्या वहीत मानाच्या पानावर आहे. नवा डेटाबेस उभारताना पासवर्ड दिला नाही, तर कोणतं व्हेरिएबल भरायचं ते नावानिशी येतं, ते रिकामं चालणार नाही हेही येतं, आज्ञेत कसं लिहायचं त्याचा नमुना येतो. पासवर्डशिवाय सर्वांना आत घेणारा पर्यायही सांगितलेला असतो, आणि तो वापरू नये हेही सोबतच.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली सुधारणाही अशीच सुखावणारी. फंक्शनला द्यायचा एखादा आर्ग्युमेंट राहिला, तर पायथन २ नुसती मोजदाद करायचं: दोन हवे होते, एकच मिळाला. कोणता राहिला ते आपण शोधायचं. पायथन ३ राहिलेल्याचं नाव घेतं. त्याची आर्गपार्स लायब्ररी तर कमांड लाइनवर राहून गेलेली सगळी नावं एकदम सांगते. एक भरलं की दुसरं मागणारे प्रोग्राम मला अजिबात सोसत नाहीत. यादी तयार असताना माणसाला पुनःपुन्हा खेपा का घालायला लावायच्या?