वणव्याच्या धुरातील कण : उत्पत्ती आणि रूपांतर

२६ सप्टेंबर १९५० रोजी स्कॉटलंडमध्ये सूर्य निळा दिसला आणि रात्री चंद्रही निळा दिसला. एडिंबरो येथील वेधशाळेत रॉबर्ट विल्सन यांनी त्या प्रकाशाचे वर्णपट घेतले. या चमत्काराचे मूळ पश्चिम कॅनडातील वणव्यांत होते. त्यांचा धूर अटलांटिक महासागर ओलांडून आला होता. त्यातील कण सुमारे १ मायक्रॉन व्यासाचे आणि जवळजवळ एकसारखे असावेत, असे वर्णपटावरून अनुमान निघाले. एरवी धुराआडचा सूर्य तांबडा दिसतो, कारण लहान कण निळा प्रकाश अधिक विखुरतात. कण प्रकाशाच्या तरंगलांबीहून थोडे मोठे आणि सारख्या आकाराचे असले, तर तांबडा प्रकाशच अधिक विखुरला जातो. सूर्याचा रंग असा कणांच्या आकारावर अवलंबून असतो. तेव्हा हा आकार कसा ठरतो, हा प्रश्न ओघानेच येतो.

धूर, काजळी आणि राख असे तीन शब्द मराठीत आहेत, आणि हा भेद शास्त्रदृष्ट्याही सार्थ आहे. राख म्हणजे लाकडातील खनिजांचा अवशेष. काजळी ही ज्वालेत, ऑक्सिजन अपुरा पडला असता, निर्माण होणाऱ्या कार्बनची होय. धुमसत्या लाकडातून मात्र मुख्यतः सेंद्रिय बाष्पे निघतात. सेल्युलोजच्या विघटनातून होणारे लेव्होग्लुकोसान हे त्यांपैकी एक. ही बाष्पे थंड होताच काजळीवर व इतर सूक्ष्म कणांवर सांद्रित होतात. वायूत तरंगणाऱ्या अशा कणसमूहास एरोसॉल अथवा वायुकलिल म्हणतात.

ताज्या धुरातील बहुसंख्य कणांचा व्यास ०.१ मायक्रॉनच्या आसपास असतो. ते एकमेकांवर आदळून चिकटतात व वाढतात. कणांची संख्या दुप्पट झाली, तर अशा टकरी सुमारे चौपट होतात. म्हणून ही वाढ आगीजवळच्या दाट धुरात जलद होते आणि धूर पसरला की मंदावते. मोठ्या वणव्याचा धूर दीर्घकाळ दाट राहतो, त्यामुळे त्यातील कण अधिक वाढू शकतात.

यानंतरचे रूपांतर रासायनिक आहे. धूर विरळ झाला की कणांवरील काही द्रव्य पुन्हा बाष्परूप होते. सूर्यप्रकाशात निर्माण झालेले हायड्रॉक्सिल मूलक त्या बाष्पाचे ऑक्सिडीकरण करतात. बाष्प कमी उडनशील बनते आणि कणांवर परतते. अनेक वणव्यांच्या धुरात या दोन क्रिया जवळजवळ तुल्यबल आढळतात. त्यामुळे विरलनाचा हिशेब वजा करता सेंद्रिय कणांचे वजन फारसे बदलत नाही, परंतु त्यांतील ऑक्सिजनचे प्रमाण वाढत जाते. म्हणजेच वजन तेच राहते, पण द्रव्य पालटते. हवेची शुद्धाशुद्धता ठरविताना २.५ मायक्रॉनहून लहान कणांचे वजन प्रमाण मानले जाते. हे कण फुप्फुसात खोलवर जातात, म्हणून हे माप आवश्यकच आहे. तथापि आगीजवळच्या गावातील धूर आणि दोन दिवस प्रवास केलेला धूर यांतील भेद त्यावरून कळत नाही.

हवामानाच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे. धुरातील तपकिरी सेंद्रिय द्रव्य प्रकाश शोषते, परंतु त्याचा बराचसा भाग उन्हात फिका पडतो. काजळी मात्र काळीच राहते, आणि तिच्यावर सेंद्रिय लेप बसला तर तिचे शोषण वाढते. ऑगस्ट २०१७ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील वणव्यांवर गर्जन्मेघ निर्माण होऊन धूर सुमारे १२ किलोमीटर उंचीवर पोहोचला. तेथे काजळीने सूर्याची उष्णता शोषल्याने भोवतालची हवा तापली आणि दोन महिन्यांत तो धूर सुमारे २३ किलोमीटरपर्यंत चढला. त्या उंचीवर पाऊस नसल्याने तो कित्येक महिने टिकून राहिला.

सारांश, वणव्याचा धूर हा एकच एक पदार्थ नसून एक प्रक्रिया आहे. त्याचे परिणाम सांगताना धूर किती आहे याबरोबरच तो किती जुना आहे, हेही सांगणे अगत्याचे ठरते.