लवंगेच्या तेलानंतर काय?



गेल्या तिमाहीत आपल्यातील एका भगिनींचे पत्र आले. वसतिगृहातील मुलांसाठी टूथपेस्टऐवजी कडुनिंबाचे दंतमंजन, तिळाचे तेल आणि लवंगेचे तेल पाठवण्याची त्यांची इच्छा आहे. दाताच्या किडीवर रासायनिक उपचारांपेक्षा नैसर्गिक, सर्वांगीण उपचार चांगले नाहीत का, असे त्या विचारतात. प्रश्न मुलांवरच्या प्रेमातून आला आहे. त्याचे उत्तर देताना मला माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करावी लागेल.

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आमच्या वसतिगृहातील 10 वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, दाढ दुखते." मी लवंगेच्या तेलाचा बोळा दिला. दुखणे थांबले. संध्याकाळच्या प्रार्थनेत आम्ही देवाची उपकारस्तुतीही केली. चार दिवसांनी पुन्हा दुखू लागले, पुन्हा बोळा. असे तीन आठवडे चालले. रस्ता खराब होता, आणि दुधाची दाढ असेल, पडून जाईल, असे मी धरून चाललो होतो. मग एका सकाळी तिचा गाल सुजून डोळा अर्धा मिटला होता आणि अंगात ताप होता. त्या दिवशी मात्र त्याच रस्त्याने गाडी निघाली. डॉक्टरांनी सांगितले की ही दाढ कायमची आहे, आता काढावीच लागेल. आधी आला असतात तर कदाचित वाचली असती.

पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. ती दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता उगवते. म्हणून पुष्कळ आईवडील तिला दुधाचीच समजतात. मीही तेच केले.

कीड म्हणजे काय?

दातात किडा नसतो. आपल्या भागात अजूनही रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडा काढण्याची पद्धत दिसते, पण काढण्यासारखा किडा तेथे नसतोच. तोंडातील जंतू साखर आणि पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे वरचे कठीण कवच विरघळवते. लाळ हे नुकसान हळूहळू भरून काढते, पण तिला वेळ लागतो. दर वेळी गोड खाल्ल्यावर साधारण अर्धा तास दातावर आम्लाचा मारा चालतो. त्यामुळे किती गोड खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले याला जास्त महत्त्व आहे. नागलीची भाकरी आणि भाजी खाणाऱ्या पाड्यांवर आता पाच-दहा रुपयांची बिस्किटे, गोळ्या आणि रंगीत पेये दिवसभर मिळतात. कीड वाढण्याचे मोठे कारण हेच आहे.

सुरुवातीला दातावर फक्त पांढुरका डाग दिसतो. या टप्प्यावर दात पुन्हा बळकट होऊ शकतो. एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही, कारण त्या कवचात जिवंत पेशीच नसतात.

घरगुती उपाय कुठवर?

लवंगेच्या तेलाने वेदना खरोखर कमी होतात. दंतवैद्यही त्यातील घटक वापरतात. पण ते दुखणे झाकते, कीड थांबवत नाही. लहान मुलाने ते गिळले तर धोका असतो. बाभळीच्या किंवा कडुनिंबाच्या दातवणाने दात घासले जातात, हे चांगलेच आहे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी हिरड्यांना आराम पडतो. तेलाच्या गुळण्या केल्या तरी खड्डा भरत नाही. आणि मिसरी हा उपाय नव्हेच. ती भाजलेली तंबाखू आहे.

फ्लोराइडची भीती वाटणे स्वाभाविक आहे. यवतमाळ, चंद्रपूरकडील काही गावांत पाण्यातील जास्त फ्लोराइडमुळे दात आणि हाडे खराब झालेली आहेत. पण ते वर्षानुवर्षे पोटात जाणारे फ्लोराइड असते. दात घासून थुंकून टाकलेली पेस्ट वेगळी. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जवळ मोठे माणूस असावे.

दुर्गम भागातही उपचार आहेत

ड्रिलची भीती आणि विजेचा अभाव या दोन्हींवर मार्ग निघाला आहे. 1980 च्या दशकात टांझानियात एक पद्धत विकसित झाली. तिच्यात केवळ हाती अवजारांनी किडलेला मऊ भाग खरवडून खड्डा ग्लास आयोनोमर सिमेंटने भरतात. दुसरे औषध म्हणजे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. त्याचा थेंब कीड लागलेल्या जागी लावला की बहुतेक वेळा ती तिथेच थांबते. मात्र ती जागा कायमची काळी पडते, हे पालकांना आधी सांगावे लागते. 2021 पासून ही दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात, तेव्हा मुलांचे दातही दाखवून घ्यावेत.

गाल किंवा जबडा सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर घरगुती उपायात एक तासही घालवू नये. अशा संसर्गाने जीवही जाऊ शकतो.

मग सर्वांगीण उपचार कोणता?

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील चांगला शोमरोनी आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. हाताशी होते ते त्याने वापरले. पण तो तिथेच थांबला नाही. जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून त्याने उतारशाळेत नेले आणि खर्चही स्वतः दिला. मी त्या मुलीसाठी तेल ओतले आणि उतारशाळेकडे जाणारा रस्ता तीन आठवडे टाळला. माझी प्रार्थना चुकीची नव्हती, पण तिच्या आडून मी आळस केला.

मुलाचे खाणे, रोजची सवय, त्याची भीती, घरच्यांची समजूत आणि वेळेवर दंतवैद्य, या सगळ्यांचा विचार करतो तो उपचार सर्वांगीण. औषध झाडाचे की कारखान्याचे, हा प्रश्न त्यानंतर येतो.

म्हणून त्या भगिनींना नम्र विनंती आहे की त्यांनी मुलांच्या मापाचे ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट पाठवावी. एखाद्या मुलाच्या दंतवैद्याकडे जाण्या-येण्याचा खर्च उचलता आला तर अधिकच उत्तम. आणखी एक विनंती सर्वांनाच आहे, थोड्या संकोचाने करतो. नाताळात आपण प्रेमाने चॉकलेटचे डबे पाठवता. मुले खूश होतात, पण तो खाऊ पुढे कितीतरी दिवस उशाशी ठेवून थोडा थोडा खाल्ला जातो. या वर्षी त्याऐवजी शेंगदाणे, फुटाणे, फळे पाठवता येतील का?

ती मुलगी आता मोठी झाली आहे. जेवताना अजून एकाच बाजूने चावते. ते दिसले की मी दुखणाऱ्या दाढेचे काम उद्यावर टाकत नाही.